मुक्या वकिलाचा वर्ग

६ फेब्रुवारी, मंगळवार

आयुष्यभर बोलून पोट भरलं. लिहायचं ते ज्युनियर लिहायचे. आज वही घेऊन बसलोय, कारण डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे.

घशात स्वरतंतूवर गाठ होती, ती काढली. साधी निघाली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही वाटलं. पण आता महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजल्याने म्हणे जास्त ताण पडतो. "आणि नंतर?" मी कागदावर लिहून विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नंतर आवाज येईल. घरात बोलण्यापुरता नक्की येईल. कोर्टातला तो आवाज मात्र आता विसरा."

कोर्टात मला तोफ म्हणतात. मी तिसऱ्या मजल्यावर उभा राहिलो की तळमजल्यावरचे पक्षकार माना वर करतात, अशी माझी ख्याती. ते ऐकून मी नको नको म्हणायचो आणि मनातल्या मनात सुखावायचो. आता तोफ थंडावली. घरात बसून कुढण्याखेरीज दुसरा उद्योग नाही.

लिहायची कल्पना हिची. म्हणाली, "मनात साठलं की तुम्ही कपाटाची दारं आपटता. त्यापेक्षा लिहा. दारं तरी टिकतील."

९ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी वकील संघाचा अध्यक्ष घरी आला. हा माझा जुना प्रतिस्पर्धी. आम्ही जेवढी वर्षं वकिली केली, त्यातली निम्मी एकमेकांविरुद्ध उभं राहण्यात गेली. मऊ बोलतो, मुंगीच्या पावलांनी मुद्द्यावर येतो आणि निम्म्या वेळा जिंकतो. त्याला बघून माझं डोकंच उठलं. समाचाराला आला की शहानिशा करायला, कोण जाणे.

म्हणाला, "नव्या वकिलांना निकाल शोधता येत नाहीत. संगणकात दोन शब्द टाकतात, पहिला दिसेल तो छापतात आणि जजसमोर ठेवतात. जज वैतागलेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी तू त्यांचा वर्ग घे."

मी लिहिलं : मला बोलता येत नाही.

"म्हणून तर तुझ्याकडे आलो," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. याहून वाईट थट्टा काय असणार? माझा चेहरा बघून तो उठला आणि दाराशी जाऊन म्हणाला, "जमणार नसेल तर राहू दे. मी दुसऱ्या कुणाला विचारतो. ते काम तसं अवघडच आहे."

मी धावत जाऊन त्याच्यासमोर कागद धरला : मंगळवारी किती वाजता?

आता पस्तावतोय. एक गोष्ट मात्र कळली नाही. हिने त्याला न विचारता बिनसाखरेचा चहा दिला. तो आमच्याकडे आयुष्यात पहिल्यांदाच येत होता.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला वर्ग. फजिती.

जागा म्हणजे ग्रंथालयामागची लांब खोली. एक टेबल, पाच संगणक, त्यातल्या एकाची अक्षरं झिजून गुळगुळीत झालेली, आणि भिंतीवर पांढरा फळा. सात नवे वकील, सगळ्यांचे काळे कोट अजून दुकानातल्यासारखे. मी घरून व्याख्यान लिहून नेलं होतं : कायदा म्हणजे काय, पूर्वीचे निकाल पुढच्या कोर्टांना का बांधतात, वरचं कोर्ट, खालचं कोर्ट, सगळं. पुढे बसलेल्या एकाला ते वाचायला दिलं. त्याने रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं वाचलं. तिसऱ्या पानावर एकाची मान कलली. एक मुलगी खुर्चीच्या अर्ध्याच भागावर टेकली होती, आता उठते की मग उठते अशी. तिचं नाव मी मनात घाई ठेवलं. जो वाचत होता तो मध्येच थांबून माझ्याकडे बघत "म्हणजे नक्की काय, सर?" असं विचारायचा. हा शंकासुर. मला उत्तर येत होतं, पण देणार कसं?

घरी येऊन हिच्यापुढे व्याख्यानाचे कागद टाकले. ही शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली आहे. चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "हे ऐकून मलाच वकिली सोडावीशी वाटली, आणि मी तर वकीलही नाही."

मग विचारलं, "तुम्ही स्वतः निकाल शोधायला बसता तेव्हा आधी काय करता?"

मी बराच विचार करून लिहिलं : भांडण नक्की कशाचं आहे, ते स्वतःला विचारतो.

"मग त्यांनाही तेच विचारा ना."

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फळ्यावर एवढंच लिहिलं : एक बाई आपल्या घरी गाण्याची शिकवणी घेते. वरचा शेजारी कोर्टात गेला. भांडण कशाचं आहे?

घाईने वाक्य संपायच्या आत उत्तर दिलं, "आवाजाचं." आणि लगेच संगणकावर 'आवाज' टाकून मोकळी झाली. कारखाने, मिरवणुका, विमानतळ, शेकडो निकाल पडद्यावर आले. शंकासुर म्हणाला, "पण ती हळू आवाजात शिकवत असेल तर?" दुसरा म्हणाला, "मग भांडण पैसे घेण्याचं. राहत्या जागेत धंदा." "तू घरी बसून अशिलाचे कागद तपासतोस, मग तुझं घर दुकान झालं का?" तिथून जी जुंपली ती जुंपली. बोलायला माझी जीभ प्रत्येक क्षणी शिवशिवत होती. एकदा तर तोंड उघडलं आणि हात लावून मिटलं. शेवटी शंकासुर म्हणाला, "भांडण बहुतेक असं आहे, की घर कधीपर्यंत घर राहतं." ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं.

मी काहीच शिकवलं नाही. सगळा वर्ग त्यांच्याच बडबडीत गेला. पहारेकरी किल्ल्या वाजवत आला तरी पोरं हलेनात, उद्या बहुतेक सुट्टी असेल त्यांना. अध्यक्ष मध्येच छत्री विसरली म्हणून दाराशी आला आणि अर्धा तास तिथेच उभा राहिला. हजेरी मोजत असणार. बाहेर कडकडीत कोरडं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

गाण्याच्या शिकवणीवर निकाल मिळेनात. घाई रडकुंडीला आली. "सर, असा खटला कधी झालेलाच नाही." मी फळ्यावर लिहिलं : कोर्ट तुमच्या शब्दांत बोलत नाही.

मग त्यांनी शब्द गोळा करायला सुरुवात केली. शिकवणी, वर्ग, प्रशिक्षण, निवासी वापर, वापरातला बदल, उपद्रव. कुणी म्हणालं, गाणं सोडा, घरी दात काढणारा डॉक्टर चालेल का? घरी कपडे शिवणारी बाई? त्या शिवणाऱ्या बाईने दार उघडलं. तिच्या निकालात आणखी चार निकालांचे हवाले होते, आणि त्यातल्या एकात थेट नृत्यशाळा. शंकासुराने टेबलावर थाप मारली. मी त्याला बोट दाखवून गप्प केलं आणि लिहिलं : हा निकाल अजून जिवंत आहे का? नंतर कुठल्या वरच्या कोर्टाने फिरवला तर नाही? परत सगळे पडद्याला चिकटले.

अध्यक्ष आजही आला होता. त्याला म्हणे खोलीतल्या खुर्च्या मोजायच्या होत्या.

५ मार्च, मंगळवार

वर्ग संपल्यावर घाई थांबली. तिच्याकडे खरं प्रकरण आलं आहे, आयुष्यातलं पहिलं.

दोन बहिणी एका इमारतीच्या तळमजल्यावर, स्वतःच्या राहत्या घरात पाळणाघर चालवतात. फार वर्षं चालवतात. इमारतीच्या समितीने दावा लावलाय : राहत्या जागेत व्यवसाय बंद करा. दाव्याचा निकाल लागायला वर्षं जातील, म्हणून तोपर्यंत पाळणाघराला कुलूप लावा, असा अर्ज आहे. त्या अर्जाची सुनावणी एकोणीस तारखेला.

"मोठे वकील का केले नाहीत त्यांनी?" मी लिहून विचारलं.

"मी त्यांच्याकडेच वाढले, सर. आई कामावर जायची, मी तिथे. थोरल्या मावशींनी मला बुटाची नाडी बांधायला शिकवली. त्या म्हणाल्या, वकील आमच्या घरातलीच असताना बाहेर कशाला जायचं? त्यांना वाटतं मी खूप मोठी झालेय." थोडी थांबून म्हणाली, "समितीतर्फे अध्यक्ष सर आहेत."

मी मान हलवली.

"तुमची बंदी तोपर्यंत उठेल ना? तुम्ही उभे राहाल का?"

मी लिहिलं : बघू. पण घरी येताना पावलं हलकी पडत होती, हे खोटं कशाला बोलू.

८ मार्च, शुक्रवार

बंदी उठली. डॉक्टर म्हणाले, दिवसाला थोडी वाक्यं, सावकाश, घरगुती आवाजात.

घरी आलो. ही टेबल पुसत होती. मी म्हणालो, "चहा टाकतेस?" रिकाम्या डब्यात चमचा फिरवल्यासारखा आवाज. माझा म्हणून ओळखलाच नाही मी. ही फडकं ठेवून आत गेली. मिक्सर खूप वेळ चालू होता. रात्री पानात वाटलेलं काही दिसलं नाही.

हिला सांगितलं, घाईचं प्रकरण मी चालवणार. कोर्टात माईक मागून घेईन. वर्गात आज बहिणींची परवानगी घेऊन तेच प्रकरण घेतलं. अध्यक्ष मंगळवारीही फिरकला नव्हता, आजही नाही. छत्री विसरायचा कंटाळा आला असेल.

१२ मार्च, मंगळवार

सकाळी न्हाणीघरात दार लावून युक्तिवादाची तालीम केली. "माननीय न्यायालय" इथपर्यंत आलो आणि आवाज फाटला. पुन्हा केलं, पुन्हा फाटला. बाहेर आलो तर ही टॉवेल घेऊन उभी.

म्हणाली, "ती पोर तुम्हाला का विचारते, कळतं का?"

"अनुभव."

"शाळेत गॅदरिंगला माझी मुलं पडद्यामागून म्हणायची, बाई, तुम्हीच बोला ना. एकदा मी बोलले असते तर ती कधीच बोलली नसती."

"कोर्ट म्हणजे गॅदरिंग नव्हे."

"नाहीच. तिथे तर तिला आयुष्य काढायचंय."

हिला कोर्टातलं काय कळतं. पण डॉक्टरांच्या सांगण्याचा विचार करायला हवा, घसा पुन्हा बिघडला तर पंचाईत. संध्याकाळी घाईला सांगितलं, "तू उभी राहा. मी मागच्या बाकावर असेन. डॉक्टरांमुळे नाइलाज आहे." तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती खुर्चीवर नीट, पाठ टेकून बसली. तशी बसलेली मी तिला पहिल्यांदा पाहिली.

१५ मार्च, शुक्रवार

आज उलटा डाव. सातही जणांनी समितीचे वकील व्हायचं आणि बहिणींविरुद्ध जे मिळेल ते शोधायचं. आपल्या बाजूचं कुणीही शोधतं, समोरच्याचं शोधावं लागतं. पोरांनी तीन निकाल खणून काढले, घाईला त्यांची उत्तरं द्यायला लावली. एका निकालाच्या सुरुवातीला छापलेला सारांश तिने वाचून दाखवला. मी म्हणालो, "हे कोण बोललं?" ती म्हणाली, "कोर्ट." मी म्हणालो, "सारांश छापखान्यातला माणूस लिहितो. पान उलट." आज एवढंच बोललो. उरलेला वेळ तीच बोलत होती आणि शंकासुर तिला पिडत होता. मधल्या सुट्टीत त्याने तिच्यासाठी चहा आणून ठेवला, आणि परत पिडायला बसला.

१९ मार्च, मंगळवार

आजचं आजच लिहायला हवं.

कोर्टाची खोली भरलेली. दोघी बहिणी पुढच्या बाकावर, एकमेकींचा हात धरून. मागच्या दोन रांगांत सगळा वर्ग, त्यांच्यामध्ये मी. अध्यक्षाने नेहमीच्या मऊ आवाजात सुरुवात केली. आम्ही शोधलेल्या तीन निकालांपैकी दोन त्याने दिलेच. घाईने त्यांची उत्तरं तोंडपाठ केलेली, मी निर्धास्त होतो. मग त्याने चौथा निकाल काढला, तीन न्यायाधीशांच्या पीठाचा. आम्ही तो पाहिलेलाच नव्हता. त्यातलं वाक्य त्याने वाचलं : मोबदला घेऊन दुसऱ्यांची मुलं सांभाळणं, मग ते कितीही मायेने केलेलं असो, हा व्यवसायच होय, आणि राहत्या घरात त्याला जागा नाही.

थोरलीने मान खाली घातली. जज घाईकडे वळले. "यावर काय म्हणणं आहे?"

मी उभा राहिलो. कसा उभा राहिलो, मला आठवत नाही, इतक्या वर्षांची सवय. तोंड उघडलं. आवाज आलाच नाही, नुसती हवा. कुणाचं लक्षही गेलं नाही. शंकासुराने माझ्या कोटाला धरून मला हळूच खाली बसवलं.

घाई जागेवर स्थिर उभी होती. म्हणाली, "मी हा निकाल वाचलेला नाही. माझी विनंती आहे, मला तो पूर्ण वाचायला वेळ द्यावा. न वाचता मी उत्तर देणार नाही."

कोर्टात खसखस पिकली. नव्या वकिलाने 'मी वाचलेलं नाही' म्हणायचं नसतं, असं आम्हाला सगळ्यांनाच शिकवलेलं. जजनी मात्र तिच्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "पुढचं प्रकरण घेऊ. तोवर वाचा."

व्हरांड्यातल्या बाकावर ती आणि शंकासुर लॅपटॉप घेऊन बसले, बाकीचे पाच जण मागून वाकून. मी समोर येरझाऱ्या घालत होतो. वाटत होतं तिने एकदा मान वर करून विचारावं, सर, काय करू? एकदाही बघितलं नाही. वाईट वाटलं, आता वहीशी काय लपवायचं. इतके दिवस शिकवलं, आणि ऐन वेळी माणूस दिसूही नये?

मग तिने शंकासुराचं मनगट धरलं. "हे कोण बोललं?" दोघं पानं मागे नेत गेले, आणखी मागे. ती उठली, कोट झटकला आणि आत गेली. या वेळी चालत गेली, सावकाश.

"माननीय न्यायालय, माझ्या विद्वान मित्रांनी वाचलेलं वाक्य त्या निकालात आहे. पण ते तिसऱ्या न्यायाधीशांच्या स्वतंत्र मतातलं आहे. ते इतर दोघांशी सहमत नव्हते. बहुमताचा निर्णय याच्या उलट आहे. छापील सारांशात दोन्ही मतं एकामागून एक आली आहेत. मी बहुमताचा परिच्छेद वाचते." आणि तिने वाचला. घरातली माणसं तिथेच राहत असतील आणि शेजाऱ्यांना अवाजवी त्रास नसेल, तर मुलं सांभाळल्याने घराचं घरपण जात नाही.

कोर्ट अध्यक्षाकडे बघू लागलं. त्याला सारवासारव करता आली असती, मी केली असती. त्याने तिच्याकडून लॅपटॉप मागून घेतला, चष्मा कपाळावर चढवून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "माझी चूक झाली. मी सारांशावर विसंबलो. विद्वान वकिलांचं म्हणणं बरोबर आहे, मी हा हवाला मागे घेतो."

तिला 'विद्वान वकील' म्हणणारा तो पहिला माणूस.

समितीचा अर्ज फेटाळला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत पाळणाघर चालू राहील. दुपारच्या झोपेच्या वेळात अंगणात खेळ नको, एवढी अट. थोरली बहीण बाहेर आली आणि घाईचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसती बघत राहिली. धाकटी म्हणाली, "चला, मुलं शेजारणीकडे ठेवलीत, तिचं घर डोक्यावर घेतलं असेल त्यांनी."

मी आज काहीच केलं नाही. उभा राहिलो आणि बसलो.

२२ मार्च, शुक्रवार

वर्गाबाहेर अध्यक्ष भेटला. हातात छत्री नव्हती. म्हणाला, "तुझ्या पोरीने मला चांगलं धुतलं."

"तू मुद्दाम हरलास का?" मी विचारलं. हा प्रश्न मला तीन दिवस छळत होता.

तो पहिल्यांदा माझ्यावर रागावला. "अशिलाचं वकीलपत्र घेऊन मी मुद्दाम हरेन? खटला लागल्यापासून तुझ्या दारातसुद्धा उभा राहिलो नाही मी." मग नरमला. "मी वाचलं नव्हतं रे. वय झालं. आपल्यालाही कुणीतरी विचारायला हवं, हे कोण बोललं म्हणून. आता सुनावणी झाली. पुढच्या तारखा माझा भागीदार बघेल. मी वर्गात बसू का?"

मी म्हणालो, "खुर्च्या तू मोजल्यास. आहे का शिल्लक?"

शेवटच्या रांगेत बसला. एका पोराने त्याला परवलीचा शब्द कुठे टाकायचा ते दाखवलं. संध्याकाळी हिला सांगितलं, तर म्हणाली, "कळलं मला." कसं कळलं, विचारायचं राहून गेलं.

२ एप्रिल, मंगळवार

डॉक्टर खूष आहेत. आवाज आता स्थिर झाला आहे. खालच्या पट्टीतला, जरा खरखरीत, पण खोलीभर पुरतो. सकाळी एका जुन्या अशिलाचा फोन आला, मोठा खटला आहे, माईकची सोय होईल, तुम्हीच या. तारीख विचारली तर मंगळवार. मी घाईचा नंबर दिला. म्हणालो, ती आधी पूर्ण वाचेल, मग बोलेल.

आज वर्गात एकोणीस जण होते. जुने सात नव्यांच्या शेजारी विभागून बसलेले, मी सांगितलं नव्हतं. फळ्यावर नवा प्रश्न लिहिला : एका माणसाने दोन घरांमधल्या भिंतीवर वेल चढवला. फुलं पलीकडे पडतात. भांडण कशाचं आहे? पोरं भिंतीच्या मालकीवर अडकली. मला मुद्दा दिसत होता, लख्ख दिसत होता, आणि आता तर आवाजही होता. मी खाकरलो आणि म्हणालो, "हे बघा, यात खरा प्रश्न असा आहे की..."

"सर," घाईने हात वर केला. "प्लीज सांगू नका. आम्ही शोधतो."

अध्यक्ष मागून हसला. मी त्याच्याकडे रागाने बघितलं, पण राग काही जमला नाही. फळ्याचं पेन ठेवलं, त्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसलो. पुढे एक नवी मुलगी, जी आतापर्यंत एक शब्दही बोलली नव्हती, घसा साफ करून म्हणाली, "मला वाटतं..." सगळे तिच्याकडे वळले. मीही वळलो.